कागदाचा कंठ

१९३९ सालच्या मार्च महिन्यात जबलपूरजवळ त्रिपुरी येथे काँग्रेसचे बावन्नावे अधिवेशन भरले. अध्यक्ष सुभाषचंद्र बोस त्या वेळी तापाने अंथरुणाला खिळले होते. बावन्न हत्तींची मिरवणूक निघाली, पण तीत अध्यक्षांच्या जागी त्यांची तसबीर होती. आणि त्यांचे अध्यक्षीय भाषण त्यांचे ज्येष्ठ बंधू शरच्चंद्र बोस यांनी वाचून दाखविले. शब्द सुभाषबाबूंचे होते, विचारही त्यांचेच होते. परंतु त्या अफाट जनसमुदायाच्या कानी पडला तो कंठ मात्र दुसऱ्याचा होता. भाषणाच्या आशयात यामुळे तिळमात्र फरक पडला नसेल. तथापि ऐकणाऱ्याचा अनुभव केवळ आशयाने घडत नाही. तो ज्या कंठातून येतो त्या कंठानेही घडतो.

मोठ्या सभांना ध्वनिक्षेपकाची, म्हणजे नित्याच्या बोलण्यातल्या लाउडस्पीकरची, जोड मिळू लागली ती याच सुमारास. मुंबईच्या शिकागो रेडिओ या पेढीचे नानिक मोटवाने यांनी १९३० नंतरच्या दशकात काँग्रेसच्या अधिवेशनांतून ध्वनिक्षेपक पुरविण्याचे काम मोठ्या आस्थेने केले. सभेतील ध्वनिक्षेपकाचे कर्तव्य उघड असते. वक्त्याचा आवाज त्याने लांबवर पोहोचवावा आणि आपण मात्र दिसू नये, जाणवू नये. त्याने आपला स्वतःचा स्वर त्यात मिसळला, की तो त्याचा दोष समजला जातो. निरोप्याने निरोपात पदरचे काही घालू नये, असाच हा दंडक आहे.

संगीताच्या क्षेत्रात मात्र एक वाद्य असे आहे, की ज्याच्या बाबतीत हा दंडक उलटा होतो. ते वाद्य म्हणजे विजेवर चालणारी गिटार. तिच्या ॲम्प्लिफायरमधील स्पीकर हा निरोप्या नसतो; तो तिचा कंठच असतो. तो आपल्या पदरचे पुष्कळ काही त्या स्वरात घालतो, पुष्कळ काही गाळतो, आणि त्याने तसे करावे अशीच वादकाची अपेक्षा असते. दोन निरनिराळे स्पीकर एकाच गिटारला जोडले, तर एखाद्या अनभिज्ञ श्रोत्याला गिटारच बदलल्याचा भास होतो. हे का घडते, आणि स्पीकरांची तुलना करताना नेमके काय पाहावे, हा विषय केवळ हौशी वादकांपुरता मर्यादित नाही. नाद म्हणजे काय, आणि यंत्र त्यात कोठवर भागीदार होते, हा प्रश्न त्यात गुंतलेला आहे.

प्रथम वाद्याची रचना ध्यानात घेतली पाहिजे. साध्या गिटारला पोकळ लाकडी पोट असते. तार छेडली, की तिचे कंपन घोडीच्या वाटेने त्या पोटाच्या पातळ फळीला मिळते. फळी पुष्कळशी हवा हलविते आणि तेव्हाच तो स्वर खोलीभर पसरतो. नुसती तार फार थोडी हवा हलवू शकते. तंबोऱ्याला भोपळा लागतो तो याच कारणासाठी. मिरजेचे कारागीर तंबोऱ्यासाठी भोपळा निवडताना त्याचा घेर, त्याची जाडी आणि त्याचे वाळणे इतक्या बारकाईने पाहतात, कारण तारा कितीही उत्तम असल्या तरी त्यांना नादाचे शरीर देतो तो भोपळाच, हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे.

विजेच्या गिटारला हे पोट जवळजवळ नसतेच. १९३२ च्या सुमारास अमेरिकेत लॉस एंजेलिस येथे जॉर्ज बोशां आणि ॲडॉल्फ रिकनबॅकर यांनी जी विजेची गिटार विक्रीस आणली, ती चक्क ॲल्युमिनियमची होती आणि तिचा आकार पाहून लोक तिला तळण्याचा तवा म्हणू लागले. ती मांडीवर आडवी ठेवून वाजविण्याची हवाईयन गिटार होती. हवाईयन गिटारने पुढे भारतातही घर केले. १९४० नंतरच्या काही वर्षांत ताउ मो हे हवाईचे वादक कलकत्त्यात राहत होते. व्हॅन शिपले यांनी याच वाद्यावर वाजविलेल्या चित्रपटगीतांच्या ध्वनिमुद्रिका घरोघर पोहोचल्या. आणि ब्रिजभूषण काबरा यांनी तिला रागसंगीताच्या दालनात आणून बसविले. भरीव लाकडाची विजेची गिटार तारेशी न जोडता वाजविली, तर शेजारच्या खोलीतही ऐकू जात नाही. तिच्या तारांखाली चुंबकावर गुंडाळलेली बारीक तार असते. तिला पिकअप म्हणतात. पोलादी तार कंप पावली की त्या गुंडाळीत अत्यंत क्षीण विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो. ॲम्प्लिफायर तो प्रवाह वाढवितो आणि शेवटी स्पीकर त्याचे पुन्हा हवेतील कंपनात रूपांतर करतो. म्हणजे तंबोऱ्यात जे स्थान भोपळ्याचे, तेच या वाद्यात स्पीकरचे. भोपळा वाद्यापासून चार हात दूर, एका लाकडी खोक्यात ठेवलेला आहे, एवढाच काय तो फरक.

या स्पीकरची अंतर्रचना मात्र वाटते तितकी गहन नाही. चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या अमेरिकन अभियंत्यांनी १९२५ साली तिला जे रूप दिले, तेच थोड्याफार फरकाने आजही चालू आहे. जाड कागदाचा एक शंकू असतो. त्याच्या टोकाशी तांब्याच्या तारेचे लहानसे वेटोळे, म्हणजे कॉइल, चिकटविलेली असते. ही कॉइल एका बळकट चुंबकाच्या अरुंद फटीत लोंबती ठेवलेली असते. कॉइलमधून विद्युत्प्रवाह वाहू लागला, की चुंबक तिला पुढेमागे ढकलतो आणि तिच्यासवे शंकूही पुढेमागे होतो. शंकूची बाहेरची कड लोखंडी चौकटीला चिकटविलेली असते, आणि आतून एक वळ्यावळ्यांचे कापड त्याला मधोमध सांभाळून धरते. यांतल्या प्रत्येक भागाचा स्वरावर परिणाम होतो. परंतु सर्वांत अधिक परिणाम होतो तो त्या कागदी शंकूचा.

मानवी कान साधारणतः दर सेकंदास २० पासून २०,००० कंपनांपर्यंतचे ध्वनी ऐकू शकतो. घरी संगीत ऐकण्यासाठी जो उत्तम स्पीकर असतो, त्याने या विस्तीर्ण पट्ट्याचा होईल तेवढा भाग सारख्या जोराने ऐकवावा अशी अपेक्षा असते. गिटारचा स्पीकर या कसोटीला मुळीच उतरत नाही. त्याची धाव सुमारे ७० किंवा ७५ कंपनांपासून ५,००० कंपनांपर्यंत असते. त्यापलीकडे त्याचा आवाज झपाट्याने खाली येतो. गिटारच्या सर्वांत जाड तारेचा खुला स्वर ८२ कंपनांचा असतो, आणि सर्वांत बारीक तारेच्या शेवटच्या पडद्यावरचा स्वर १,२०० ते १,३०० कंपनांच्या आसपास जातो. मूळ स्वर सारे या पट्ट्यात बसतात. त्यांच्यावर उमटणारे उपस्वर मात्र त्याच्या पलीकडे जातात, आणि त्यांना स्पीकर अडवितो.

जबलपूरला १९४२ पासून दूरसंचार कर्मचाऱ्यांना शिक्षण देणारी एक मोठी संस्था आहे, आणि भूदलाच्या सिग्नल दळाचे प्रशिक्षण केंद्रही याच शहरात आहे. त्यामुळे ध्वनीचा पट्टा मुद्दाम अरुंद करण्याची कल्पना या गावाला परकी वाटू नये. तारेवरच्या टेलिफोनचा रूढ पट्टा ३०० ते ३,४०० कंपनांचा होता. बोलणे कळण्यास तेवढे पुरते, आणि एकाच वाहिनीवर अनेक संभाषणे बसविता येतात. मात्र ‘स’सारख्या ऊष्म वर्णांचा पुष्कळसा नाद या मर्यादेच्या वर असल्याने टेलिफोनवर नाव सांगताना अक्षरांची फोड करावी लागे. टेलिफोनने वरचे ध्वनी गाळले ते काटकसरीसाठी. गिटारच्या स्पीकरचे गाळणे आरंभी अशाच अपुरेपणातून आले, पण पुढे ते सौंदर्याचे साधन ठरले.

ते कसे, हे पाहण्यासारखे आहे. ॲम्प्लिफायरवर त्याच्या शक्तीबाहेर ताण दिला, की तो लाटेचा माथा छाटू लागतो. त्या छाटण्यातून मूळ स्वरात नसलेले अनेक नवे उपस्वर जन्म घेतात. त्यांतले खालचे उपस्वर कानाला भरदार वाटतात. अगदी वरचे मात्र पत्रा घासावा तसे कर्कश असतात. गिटारचा स्पीकर हे वरचे उपस्वर पुढे जाऊच देत नाही. हाच ताण दिलेला आवाज एखाद्या काटेकोर, सर्व पट्टा ऐकविणाऱ्या स्पीकरवर सोडला, तर डबीत कोंडलेल्या माशीच्या गुणगुणण्यासारखा तो ऐकू येतो. जो स्पीकर घरच्या संगीताला उत्तम, तो या वाद्याला निकृष्ट. आणि जो या वाद्याला उत्तम, तो गायकाच्या किंवा वक्त्याच्या शब्दांना अपुरा.

परंतु गाळणे ही अर्धीच गोष्ट झाली. स्पीकर स्वतःची भरही घालतो. खालच्या स्वरांना शंकू एकसंध, पंपाच्या दट्ट्याप्रमाणे पुढेमागे होतो. कंपने हजाराच्या पुढे गेली, की कागदाला ते जमत नाही. त्याचा मधला भाग पुढे जात असता कडेचा भाग मागे येतो. एक फाक वर तर शेजारची फाक खाली, असे त्याचे विभाग पडतात. तबल्याच्या पुडीवर हेच घडते. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२० साली आपल्या सहकाऱ्यासह आणि पुन्हा १९३४ साली या विषयावर निबंध प्रसिद्ध केले. साध्या चामड्याच्या पडद्याचे उपस्वर एकमेकांशी बेसूर असतात. पण मृदंग-तबल्याच्या पुडीवर मधोमध शाईचे वजन पडले, की ते विभाग अशा रीतीने कंप पावतात, की त्यांतून मूळ स्वराशी सुसंवादी असे उपस्वर निघतात, हे त्यांनी दाखवून दिले. आपल्या कारागिरांनी शाई कोठे द्यावी आणि किती घोटावी, हे कानाने शोधून काढले होते. रामन यांनी त्यामागचे शास्त्र उलगडले.

स्पीकरचा कारागीरही याच मार्गाने चालतो. कागदाचा लगदा किती जाड, शंकू खोल की उथळ, त्यावर वर्तुळाकार वळ्या उठवाव्यात की तो गुळगुळीत ठेवावा, कडेला न वाळणारा चिकट लेप द्यावा की कोरा कागद तसाच सोडावा, मधली टोपी कागदाची असावी की धातूची, अशा निर्णयांनी त्या शंकूचे विभाग कोठे व किती जोराने कंप पावतील ते ठरते. पातळ आणि हलका शंकू लवकर विभागतो, त्यामुळे स्वराला एक प्रकारची खरबरीत ऊब येते. जाड आणि वजनदार शंकू अधिक काळ एकसंध राहतो; त्याचा स्वर घट्ट आणि स्वच्छ असतो. बहुतेक गिटार-स्पीकरांत २,००० ते ४,००० कंपनांच्या दरम्यान एक उंचवटा आढळतो. मानवी कान नेमक्या याच भागात अतिशय तीक्ष्ण असल्यामुळे हा उंचवटा थोडा इकडेतिकडे सरकला, तरी नादजाती पालटल्यासारखी वाटते.

कंठ बदलल्याने केवढा फरक पडतो, याचे इतिहासातील उत्तम उदाहरण दोन दुकानदारांचे आहे. लिओ फेंडर हा कॅलिफोर्नियातील फुलर्टन या गावी रेडिओ दुरुस्तीचे दुकान चालवीत असे. त्याच्या कारखान्यातून १९५९ च्या सुमारास निघालेल्या ‘बेसमन’ या ॲम्प्लिफायरमध्ये दहा इंची चार जेन्सन स्पीकर होते, आणि त्यांच्या खोक्याची पाठ अर्धवट उघडी होती. १९६२ साली लंडनमध्ये ड्रमविक्रीचे दुकान असलेल्या जिम मार्शलने आपल्या सहकाऱ्यांकरवी जवळजवळ त्याच मांडणीचा ॲम्प्लिफायर तयार करविला. मात्र त्याला मिळाले ते इंग्लंडमधील सेलेस्टियन कंपनीचे बारा इंची स्पीकर, आणि त्याने ते चार स्पीकर पूर्ण बंद खोक्यात बसविले. व्हॉल्व्ह आणि ट्रान्सफॉर्मर हेही सर्वस्वी तेच नव्हते, आणि त्यांचाही वाटा यात आहे. तरीही कुंडली जवळपास एकच असता फेंडरचा स्वर उजळ आणि मोकळा, तर मार्शलचा दाट आणि घनगंभीर असा जो लौकिक झाला, त्याचे मोठे श्रेय स्पीकर आणि खोके यांनाच द्यावे लागते.

यावरून स्पीकरांची दोन घराणी मानण्याचा प्रघात पडला. अमेरिकन घराण्याचा मूळ पुरुष म्हणजे जेन्सन. ध्वनिक्षेपकाच्या आद्य शिल्पकारांपैकी एक, मूळचा डेन्मार्कचा पीटर जेन्सन, याच्या नावाने ते स्पीकर ओळखले जातात. त्यांचा वरचा स्वर झळझळीत असतो आणि मधला स्वर काहीसा दबलेला. पुढे जे. बी. एल. कंपनीने धातूची टोपी आणि मोठी कॉइल असलेला डी १२० एफ हा स्पीकर याच वाटेने अधिक स्वच्छ आणि अधिक बलवान केला. इंग्लिश घराणे सेलेस्टियनचे. व्हॉक्स ए. सी. ३० या ॲम्प्लिफायरमधील निळ्या रंगाचा १५ वॉटचा स्पीकर घंटेसारखा किणकिणता म्हणून गाजला. १९६० नंतरच्या दशकात चुंबकावर हिरवे झाकण असलेला ‘ग्रीनबॅक’ आला. त्याचा मधला स्वर लाकडासारखा भरीव आणि वरचा मऊ. १९८६ मध्ये ‘व्हिंटेज ३०’ निघाला; तो ६० वॉट सोसतो आणि त्याच्या वरच्या मध्य पट्टीला चांगलीच धार आहे. ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट ही, की या तिन्ही सेलेस्टियन स्पीकरांच्या पत्रकावर धाव मात्र जवळजवळ एकच, सुमारे ७० ते ५,००० कंपने, अशी छापलेली असते. दोन गायकांची पट्टी एक असली म्हणून त्यांचा आवाज एक होत नाही, तसाच हा प्रकार आहे.

चुंबकाविषयी वादकांत फार चर्चा चालते. जुने चुंबक अल्निको या मिश्रधातूचे, म्हणजे ॲल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्ट यांच्या लोखंडाशी केलेल्या मिश्रणाचे असत. कोबाल्ट महाग. १९५० नंतर लोहाच्या ऑक्साइडपासून बनविलेले, चिनीमातीसारखे भाजलेले फेराइट चुंबक आले आणि स्वस्ताईमुळे त्यांचा प्रसार झाला. अल्निकोचा स्वर मृदू आणि फेराइटचा कठीण असे सर्रास म्हटले जाते. परंतु चुंबकाचा पदार्थ स्वतः ऐकू येत नाही. फटीतील चुंबकीय बळ किती आणि त्याच्याशी जोडलेला शंकू व कॉइल कशी, यांवरच स्वर ठरतो. केवळ चुंबकाचे नाव पाहून स्पीकर घेणे म्हणजे केवळ भोपळ्याचा रंग पाहून तंबोरा घेण्यासारखे आहे.

खोक्याचे महत्त्व मात्र निःसंशय आहे. शंकू पुढे जातो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि मागची विरळ होते. खोक्याची पाठ उघडी असेल, तर मागचा ध्वनी वळसा घालून पुढे येतो आणि खालच्या स्वरांत पुढच्या ध्वनीला काही अंशी पुसून टाकतो. म्हणून उघड्या पाठीचे खोके हलके, मोकळे आणि रंगमंचाच्या सर्व बाजूंना ऐकू जाणारे असते. बंद खोक्यात मागचा ध्वनी कोंडला जातो; खालचे स्वर घट्ट राहतात आणि आवाज समोर झेपावतो. एकच स्पीकर या दोन खोक्यांत आळीपाळीने बसवून पाहिला, तर स्पीकर बदलल्याइतका फरक पडू शकतो.

यानंतर येतो वॉटचा प्रश्न, आणि जबलपूरसारख्या शहरात पहिली गिटार घेणाऱ्या तरुणाचे पैसे बहुधा येथेच वाया जातात. वॉटचा आकडा म्हणजे आवाजाचे माप, असे त्याला वाटते. वस्तुतः स्पीकरवर छापलेला वॉट म्हणजे तो न जळता किती शक्ती सोसेल याची मर्यादा. आवाज किती निघेल ते त्याच्या संवेदनशीलतेवर अवलंबून असते. एक वॉट दिला असता एक मीटर अंतरावर ग्रीनबॅक सुमारे ९८ डेसिबल आणि व्हिंटेज ३० सुमारे १०० डेसिबल आवाज देतो. घरगुती संगीताचा स्पीकर बहुधा ८५ ते ९० च्या घरात असतो. तीन डेसिबलची वाढ म्हणजे ॲम्प्लिफायरची शक्ती दुप्पट करण्यासारखे आहे, आणि दहा डेसिबलची वाढ म्हणजे दसपट. त्यामुळे शंभर डेसिबलच्या स्पीकरवर दहा वॉटचा ॲम्प्लिफायर जे करील, ते नव्वद डेसिबलच्या स्पीकरवर करण्यास शंभर वॉट लागतील. याची दुसरी बाजूही उपयुक्त आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी वस्तीसाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. ज्याला ताण दिलेल्या ॲम्प्लिफायरचा भरदार स्वर हवा, पण शेजाऱ्यांची झोप मोडायची नाही, त्याने मुद्दाम कमी संवेदनशील स्पीकर घेणे शहाणपणाचे ठरते.

ओहमचा आकडाही असाच फसवा आहे. स्पीकरवर आठ ओहम लिहिलेले असले, तरी तो विरोध प्रत्येक स्वराला आठ नसतो. शंकू ज्या खालच्या स्वराला स्वभावतः डोलतो, तेथे तो कितीतरी पटींनी वाढतो आणि वरच्या स्वरांकडेही चढत जातो. नेहमीचा ट्रान्झिस्टरचा ॲम्प्लिफायर या चढउतारांना फारशी दाद देत नाही; व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर मात्र त्यांच्यासवे चढतो आणि खालचे व वरचे स्वर फुगवितो. म्हणून एका ॲम्प्लिफायरवर आवडलेला स्पीकर दुसऱ्यावर तसाच वाटेल याची हमी देता येत नाही. मात्र स्पीकर बदलताना एकूण ओहम ॲम्प्लिफायरने मागितल्याप्रमाणेच ठेवावेत. आठ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले तर चार होतात आणि एकापुढे एक जोडले तर सोळा, हा हिशेब चुकला तर ॲम्प्लिफायरला इजा होते.

तुलना करणाऱ्याने आणखी एक गोष्ट विसरता कामा नये. ३,००० कंपनांच्या स्वराची लाट जेमतेम साडेअकरा सेंटिमीटर लांब असते, आणि बारा इंची शंकू सुमारे तीस सेंटिमीटर रुंद. लाट शंकूपेक्षा आखूड झाली, की ध्वनी विजेरीच्या झोतासारखा सरळ समोर जातो, बाजूला पसरत नाही. खोके जमिनीवर ठेवलेले असते, वादक त्याच्याशेजारी उभा असतो, आणि तो झोत त्याच्या गुडघ्यांवर आदळून निघून जातो. त्याला आपला स्वर बोथट वाटतो, म्हणून तो तीव्र स्वर वाढवितो. आणि पहिल्या रांगेतल्या श्रोत्यांच्या कानांत सुया टोचू लागतात. हा दोष स्पीकरचा नसतो. खोके थोडे तिरपे करून वादकाच्या कानाकडे वळविले, तर तो तत्काळ नाहीसा होतो. ध्वनिमुद्रणातही माइक शंकूच्या मधोमध धरला तर स्वर तीक्ष्ण आणि कडेकडे सरकविला तर सौम्य येतो. दोन बोटांच्या अंतरानेही फरक पडतो.

प्रत्यक्ष तुलना करताना गिटार, ॲम्प्लिफायर, खोके आणि ऐकणाऱ्याची जागा ही सर्व तीच ठेवावीत, आणि दोन्ही आवाज सारख्या पातळीवर आणावेत. ही शेवटची अट सर्वांत महत्त्वाची. मनुष्याच्या कानाला किंचित मोठा आवाज नेहमी अधिक चांगला वाटतो, आणि अधिक संवेदनशील स्पीकर निव्वळ या आधारावर बाजी मारून जातो. वाजविणारा कोणता स्पीकर चालू आहे हे ऐकणाऱ्याला कळू दिले नाही, तर नावाचा प्रभावही दूर होतो. तंबोऱ्याची जवारी लावणारा कारागीर घोडीवरचा तारेखालचा दोरा केसभर सरकवून डोळे मिटून ऐकतो. त्याच वृत्तीने हे काम झाले पाहिजे.

वादकांनी तर या कंठावर शस्त्रक्रियाही केल्या आहेत. अमेरिकेतील लिंक रे याने १९५८ च्या ‘रंबल’ या ध्वनिमुद्रिकेसाठी शंकूला भोके पाडली. इंग्लंडमध्ये डेव्ह डेव्हिस या तरुणाने आपल्या लहानशा ॲम्प्लिफायरचा शंकू पात्याने चिरला, आणि त्या फाटक्या कंठाचा स्वर १९६४ च्या ‘यू रिअली गॉट मी’ या गाण्यातून जगभर गेला. सभेच्या मांडवात असा स्पीकर कोणी क्षणभरही ठेवला नसता.

अलीकडच्या संगणकयुगाने याच गोष्टीला पुष्टी दिली आहे. आता गिटार सरळ संगणकाला किंवा ध्वनिनियंत्रणाच्या फळीला जोडता येते. स्पीकर मध्ये नसला, की तो स्वर कोरडा आणि बोचरा लागतो. म्हणून अभियंत्यांनी खऱ्या स्पीकरचा आणि खोक्याचा एका क्षणिक ध्वनीला मिळणारा प्रतिसाद मोजून ठेवला, आणि तो गणिताने गिटारच्या स्वरावर चढविला. कागदाचा शंकू काढून टाकल्यावर त्याची छाया पुन्हा आणून बसवावी लागली. हा प्रतिसाद नादाचा उतारचढाव हुबेहूब पकडतो. पण जोर वाढताच कागद जसा निराळा वागू लागतो, ते वागणे त्या एका मोजणीत येत नाही.

छोट्या गावांतील कार्यक्रमांत आजही बहुधा एकाच प्रकारच्या खोक्यातून निवेदकाचे बोलणे, भावगीत आणि गिटार अशी तिन्ही ऐकविली जातात, आणि त्यांपैकी एकावर तरी अन्याय होतो. शब्दांसाठी असलेल्या स्पीकरवर गिटार टोचते. गिटारच्या स्पीकरवर गायकाचे ‘स’ आणि ‘च’ विझून जातात. यावर उपाय खर्चाचा नाही, समजुतीचा आहे. गिटारला तिचा स्वतःचा लहानसा ॲम्प्लिफायर आणि तिचा स्वतःचा स्पीकर द्यावा, त्याच्यासमोर माइक धरावा, आणि मग तो घडलेला स्वर सभागृहाच्या काटेकोर स्पीकरांनी जसाच्या तसा पोहोचवावा. घडविण्याचे काम एकाचे आणि पोहोचविण्याचे दुसऱ्याचे, ही विभागणी सांभाळली, तर वाद्य आणि श्रोते दोघांनाही न्याय मिळतो. आणि नवी गिटार घेऊ पाहणाऱ्या तरुणाने दुकानात पैसे मोजण्यापूर्वी खोक्याच्या जाळीआड कोणता शंकू बसविलेला आहे, हे एकदा विचारून घ्यावे. कारण तो जे वाजवील, ते जग त्या कागदाच्या कंठातूनच ऐकणार आहे.